लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि यंत्राचे हात

कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात जेवून धापा टाकीत तथागतांकडे आला, ही संयुत्त निकायातील कथा अनेकांना ठाऊक असेल. मात्रा ओळखून जेवण्यासंबंधीची गाथा रोज जेवणाच्या वेळी ऐकविण्याचे काम त्याने सुदर्शन नावाच्या तरुणाकडे सोपविले आणि हळूहळू तो नाळीभर भातावर आला. मात्र प्रत्येक स्थूल माणूस खादाड असतो असे मानणे अन्यायाचे आहे. आनुवंशिकता, संप्रेरके, काही औषधे यांमुळेही वजन वाढते. पथ्य व व्यायाम करूनही ते हटत नाही, मधुमेह जडतो, तेव्हा डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवितात.

'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतविणारे ग्रेलिन मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. 'बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात.

रोबोट या शब्दाने मात्र घोटाळा होतो. आज रुग्णालयांत वापरले जाणारे हे यंत्र आपल्या मनाने काही कापीत नाही. सर्जन थोड्या अंतरावर बसून त्रिमितीय चित्र पाहतो. त्याच्या बोटांच्या हालचाली यंत्राचे हात पोटात करतात. हाताचा कंप गाळला जातो, हत्यारांची टोके मनगटासारखी वळतात. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सरळ दांड्यांची हत्यारे पोटाच्या जाड भिंतीतून रेटावी लागतात. म्हणून आतडे शिवताना या सांध्यांचा खरा उपयोग. बेल्जियममध्ये १९९८ साली अशा यंत्राने जठराला पट्टा बसविण्यात आला. २००० साली अमेरिकेने 'दा विंची' यंत्राला परवानगी दिली.

आता पैशाचे. वजन किती उतरते, यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठा फरक आढळलेला नाही. वेळ बहुधा जास्त लागतो, खर्च तर नक्कीच. तेव्हा केवळ यंत्राच्या नावासाठी कर्ज काढण्यापूर्वी सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि दुर्बिणीने भागेल का, हे निःसंकोच विचारावे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश होता, पण पॉलिसीत त्यासाठी वेगळी मर्यादा असू शकते. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्व बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या व रक्ततपासण्या जन्मभर चालू राहतात. हा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, तेही आधीच विचारून घ्यावे.