पुस्तक पुढे गेले, मूल मागे राहिले

पाचवीच्या वर्गातील सगळ्या मुलांच्या हातात पाचवीचेच पुस्तक असते. काही मुले धडा घडाघडा वाचतात. काहींना दुसरीचा उतारा जेमतेम जमतो, काही शब्द जुळवत बसतात आणि दोन-चार जणांची अजून अक्षरेच पक्की झालेली नसतात. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे चित्र नवे नाही, मग शाळा मराठी माध्यमाची असो की उर्दू. घरापर्यंत मात्र ही गोष्ट क्वचितच पोचते. फळ्यावरचे उतरवून घेता येत असल्याने वह्या भरलेल्या दिसतात, मूल दरवर्षी पुढच्या वर्गात जाते आणि अम्मी-अब्बांना वाटते, शिक्षण नीट चालले आहे.

ही स्थिती एखाद-दुसऱ्या गावापुरती नाही. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. त्यासाठी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावले जाते. देशातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सुमारे निम्मी होती. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते सुधारले, तरी निम्म्याच्या आतच राहिले.

असे का होते? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यातले एक. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे दुसरे. दोन्ही कर्तव्ये एकाच कलमात शेजारी-शेजारी आहेत, पण तपासणीत पहिल्याचीच विचारणा जास्त होते. किती धडे झाले हे एका नजरेत कळते. कोणत्या मुलाला काय येते हे कळायला प्रत्येकाजवळ बसावे लागते. त्यामुळे पुस्तक पुढे सरकते आणि ज्याचे अक्षर पहिलीत सुटले तो पाचवीतही तिथेच राहतो.

आता या गोष्टीला नवी धार आली आहे. पूर्वी आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून या वर्गांना वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा असते, तिथेही न जमल्यास त्याच वर्गात बसावे लागते. पण ज्याला वाचताच येत नाही, त्याला तेच पुस्तक त्याच पद्धतीने पुन्हा वर्षभर शिकवून काय साधणार? आठवीत अडकलेल्या मुलीच्या बाबतीत तर काही घरांत 'आता बस झाले' असा निर्णय व्हायला वेळ लागत नाही. ती मुलगी कमी अकलेची नसते. तिला वाचायला शिकवायचे राहून गेलेले असते.

यावरचा उपाय आपल्याच राज्यात तपासून पाहिला गेला आहे. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई महापालिकेच्या आणि वडोदऱ्याच्या शाळांमध्ये 'प्रथम'ने 'बालसखी' हा कार्यक्रम राबवला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट करायचा आणि वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणीने त्यांना शाळेच्या वेळेत रोज सुमारे दोन तास वाचन व गणिताचा पाया शिकवायचा, एवढीच त्याची रचना होती. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याचा अभ्यास केला. मुलांची प्रगती झाली आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला, असे त्यांना आढळले.

त्याच अभ्यासमालेतील आणखी एक धडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा फारसा फरक पडला नाही. हरियाणात मात्र रोज एक तास वेगळा काढला, इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीनुसार बसवले आणि त्यावर अधिकाऱ्यांनी लक्ष ठेवले, तेव्हा भाषेत सुधारणा दिसली. शिक्षक सरकारीच होते. फरक वेळापत्रकात राखून ठेवलेल्या तासाने पडला.

आपल्या घरांना ही पद्धत परकी नाही. मक्तबमध्ये उस्ताद प्रत्येक मुलाचा सबक वेगळा ऐकतात. आजचा सबक पक्का झाल्याशिवाय उद्याचा मिळत नाही. शेजारी बसलेला मुलगा चार पाने पुढे असला, तरी मागच्याला त्याच्यामागे ओढले जात नाही. हाच नियम दिवसातून एक तास शाळेत आला पाहिजे.

उर्दू शाळांत त्याची गरज आणखी आहे. बे, जीम, ऐन अशी अक्षरे शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळी दिसतात. दाल, रे, वाव पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत. नाज़रा वाचणाऱ्या मुलाला ज़बर, ज़ेर, पेश यांचा आधार असतो, पण उर्दूच्या पुस्तकात त्या खुणा सहसा नसतात. म्हणून सुरेख नाज़रा वाचणारे मूलही उर्दूच्या धड्यात अडखळते. मराठी शाळेत जोडाक्षरांपाशी तशीच अडचण येते. अशा मुलाला नवा धडा देण्याआधी ती एक अडचण सोडवावी लागते.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. पण जी मुले पाया कच्चा ठेवूनच चौथी ते आठवीत पोचली आहेत, त्यांच्यासाठीही रोजचा तास हवा.

पालकांच्या हातात इथे बरेच काही आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. बैठकीत गणवेश, पोषण आहार, शौचालय यांबद्दल जरूर बोला. त्यासोबत तीन प्रश्न विचारा. या वर्गातील किती मुले दुसरीचा उतारा वाचू शकतात? जी वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी वेळापत्रकात कोणता तास आहे? आणि तीन महिन्यांनी त्यांची पुन्हा चाचणी कधी होणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर तसा ठराव करून वर पाठवा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामाला लावू नये, असे कलम २७ सांगते. ते काम येऊन पडते तेव्हा पालकांचा आवाज आमच्यापेक्षा लवकर ऐकला जातो.

घरीही एक तपासणी करून पाहा. मागच्या इयत्तेच्या पुस्तकातील न शिकवलेले पान उघडा, कारण शिकवलेले धडे मुलांना पाठ असतात. चार-पाच ओळी बोट ठेवून वाचायला सांगा आणि काय वाचले ते स्वतःच्या शब्दांत विचारा. अम्मीला वाचता येत नसले तरी मूल कुठे अडखळते, हे तिच्या कानाला कळते. अडखळले तर रागावू नका, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. दुसरीचे पुस्तक आणा आणि रोज पंधरा मिनिटे मोठ्या बहिणीजवळ किंवा भावाजवळ बसवा. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन वर्गशिक्षकांना सांगा की मूल नेमके इथे अडते. तेवढे कळले, तर कुठून सुरुवात करायची हे आम्हालाही ठरवता येते.