तेवीस-बावीस : श्रेय वाऱ्याला किती?

१७ मे १९७९. अमेरिकेतील शिकागो शहरातले रिगली फील्ड हे मैदान. यजमान शिकागो कब्स आणि पाहुणा फिलाडेल्फिया फिलीज या संघांत बेसबॉलचा एक साखळी सामना सुरू झाला. बेसबॉलमध्ये सबंध सामन्यात एका संघाच्या चार-पाच धावा होणे ही नेहमीची गोष्ट. येथे मात्र पहिल्याच डावात फिलीजने ७ आणि कब्सने ६ धावा केल्या! पाचव्या डावाच्या मध्यास फिलीज २१-९ असे पुढे होते. आठव्या डावाअखेर २२-२२ अशी बरोबरी झाली. नऊ डावांत निकाल लागला नाही, म्हणून दहावा खेळवला. त्यात माइक श्मिटने होमरन मारला आणि फिलीज २३-२२ असे जिंकले.

होमरन म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखा, कुंपणापलीकडे गेलेला फटका. त्या दिवशी असे ११ होमरन झाले. वारा फलंदाजाच्या पाठीकडून कुंपणाकडे जोरात वाहत होता. साहजिकच या धावांचे श्रेय आजही वाऱ्याला दिले जाते. ते कितपत योग्य आहे, हे आपण तपासून पाहू.

बेसबॉलच्या चेंडूचे वस्तुमान सुमारे १४५ ग्रॅम असते. जोरदार फटक्यानंतर त्याचा वेग सेकंदाला ४५ मीटर होऊ शकतो. हवाच नसती, तर ४५ अंशांच्या कोनात मारलेला असा चेंडू २०० मीटरहून दूर पडला असता. प्रत्यक्षात तो साधारण १२० मीटरवर पडतो. हा फरक हवेच्या रोधामुळे पडतो. एवढ्या वेगाला हा रोध चेंडूच्या वजनाहूनही थोडा जास्त भरतो.

हा रोध हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा, चेंडूच्याच दिशेने सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा वाहतो आहे. मग सापेक्ष वेग ४५ ऐवजी ४० होतो. वर्गांचे गुणोत्तर १६०० : २०२५. म्हणजे वेग नवव्या हिश्शाने घटला, पण रोध पाचव्या हिश्शाने! अशा वाऱ्यात उंच फटका सुमारे दहा मीटर अधिक लांब जातो. वारा चेंडूला ढकलतो असे आपण सहज म्हणतो. खरे तर चेंडू वाऱ्यापेक्षा पुष्कळ वेगात असतो. वारा त्याची अडवणूक फक्त कमी करतो. पण कुंपणाच्या अलीकडे झेलला जाणारा चेंडू पलीकडे जायला एवढे पुरते.

मग सारे श्रेय वाऱ्याचेच का? येथे घाई नको. सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ५० यशस्वी फटके होते. त्यांतले ११ होमरन सोडले, तर ३९ फटके कुंपणापलीकडे गेलेच नव्हते. जमिनीलगतच्या फटक्याला वाऱ्याची मदत नगण्य असते. त्यामुळे चेंडू फेकणाऱ्यांचा वाईट दिवस हेही एक कारण मानावे लागते. शिवाय, त्याच वाऱ्यात दोन्ही संघांनी फलंदाजी केली. वारा धावा वाढवू शकतो. पण एका धावेने कोण जिंकले, हे त्यावरून ठरत नाही.

आणखी एक अडचण आहे. त्याच खेळाडूंचा, त्याच दिवशीचा, वारा नसलेला सामना आपल्याजवळ नाही. तुलनेशिवाय कारणाचा वाटा मोजता येत नाही. वर्गात मात्र ती तुलना करता येते. टेबल टेनिसचा चेंडू आणि साधारण त्याच आकाराचे लिंबू घ्या. पंखा बंद ठेवून, मग पाठीमागून लावून, प्रत्येक वस्तू दहा-दहा वेळा सारख्याच जोराने फेका. अंतरांची सरासरी काढा. पंख्याचा परिणाम चेंडूवर जास्त दिसतो की लिंबावर? आणि पंखा बंद असताना फेकायचे कशासाठी? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधले, तर प्रयोग साधला असे आम्ही समजू.