हृदयाचे आरोग्य आणि उमरग्याचे ताट

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेला उमरगा तालुका ज्वारी-तुरीच्या मुलखातला. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि करडईचे तेल हा येथील शेतकरी कुटुंबाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार. हृदयविकार हा शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग, असा समज ग्रामीण भागात दीर्घकाळ होता. आज त्या समजावर विसंबणे धोक्याचे आहे.

५२ देशांतील रुग्णांचा 'इंटरहार्ट' हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे अन्य देशांतील लोकांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे त्यात आढळले. घरातील कर्ती व्यक्ती ऐन उमेदीत अंथरुणाला खिळली, की साऱ्या कुटुंबाची घडी विस्कटते.

विकार कसा जडतो

झटका अचानक येतो. त्याची पूर्वतयारी मात्र अनेक वर्षे चाललेली असते. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल रोहिणींच्या अस्तरात साचते व त्या अरुंद होतात. पुढे हा थर फुटून तेथे रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा खंडित होतो. संपृक्त व ट्रान्स स्निग्धांश हे कोलेस्टेरॉल वाढवतात, तर जादा मीठ रक्तदाब वाढवते.

ताटातील बदल

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय घटक असतात, तर सडलेल्या तांदळात ते ३ ग्रॅमहूनही कमी भरतात. करडईच्या तेलात संपृक्त स्निग्धांश जेमतेम दहावा हिस्सा, तर पामतेलात जवळजवळ निम्मा असतो. मराठवाड्यात करडईचा पेरा मात्र घटत गेला. बाजारचे फरसाण, भजी व बिस्किटे गावोगावी पोहोचली. खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स स्निग्धांशावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. तथापि, तळणीचे तेच तेल पुन्हा पुन्हा न वापरणे ही दक्षता घरोघरी घ्यावी लागेल.

जुन्या ताटातही एक उणीव आहे. ठेचा, लोणचे व पापड यांतून मीठ नकळत पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. तंबाखू व बिडी सुरू असेल, तर केवळ भाकरी हृदयाचे रक्षण करू शकणार नाही.

वेळीच तपासणी

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून तो कळतही नाही. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी शासकीय आरोग्य केंद्रांतून रक्तदाब व रक्तशर्करेच्या मोफत तपासणीची सोय आहे. नागरिकांनी तिचा लाभ घ्यावा. शेतात पिकणारी ज्वारी, तूर आणि करडई ताटात टिकवणे व मिठावर हात आखडणे, हा हृदयरक्षणाचा मार्ग सामान्य कुटुंबालाही परवडणारा आहे.