मळाची साक्ष

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ डिचोलीकराला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शिवछत्रपतींनी 1668 साली नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जो उद्धार केला, त्याचे स्मरण या तालुक्याने आजवर जपले आहे. परंतु जुन्या वास्तूला हात लावताना जी श्रद्धायुक्त सावधगिरी आपण बाळगतो, तीच जुन्या मोटारीच्या इंजिनाबाबतही बाळगावी लागते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत, एकीकडे भारताने केलेली आर्थिक नाकेबंदी आणि दुसरीकडे लोहखनिजाच्या निर्यातीतून आलेला पैसा, अशा विलक्षण परिस्थितीत गोव्यात युरोपातील मोटारी मोठ्या संख्येने उतरल्या. 1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतरही मर्सिडीझच्या डिझेल गाड्या येथे टॅक्सी म्हणून दीर्घकाळ धावत राहिल्या. त्यांपैकी 1954 साली जर्मनीत निघालेली 180 डी ही उदाहरणादाखल घेऊ. तिच्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 75 मिलिमीटर व पिस्टनची धाव 100 मिलिमीटर. म्हणजे एकूण 1,767 घनसेंटिमीटर क्षमता आणि आरंभी अवघी 40 अश्वशक्ती.

असे इंजिन वर्षानुवर्षे पडवीत पडून राहिल्यावर ते प्रथम धुऊन लखलखीत करावे असा मोह होतो, आणि तीच पहिली चूक होय. घटनास्थळाचा पंचनामा होण्यापूर्वी जसे कोणी केरवारा करीत नाही, तसाच इंजिनाचा मळ मुआयना पुरा होण्यापूर्वी काढू नये; कारण तो मळ म्हणजे यंत्राच्या पूर्वायुष्याची साक्ष आहे. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. तेलाच्या तळाशी धातूचा चकाकता कीस आढळला, तर बेअरिंगे झिजली आहेत. स्टार्टरला तर हातच लावू नये. इंजेक्टर काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडावे, एक-दोन रात्री ते मुरू द्यावे, आणि मग क्रँक पान्याने हलकेच फिरवून पाहावा.

हेडचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडेथोडे करीत सैल केल्यानंतर पिस्टनचे माथे दृष्टीस पडतात. तीन माथे काजळीने काळे आणि एकच स्वच्छ असेल, तर अननुभवी माणसाला तो स्वच्छ पिस्टन निरोगी वाटतो. जाणता मेस्त्री मात्र नेमका त्याच्यावरच संशय घेतो, कारण गास्केटमधून झिरपलेल्या पाण्याच्या वाफेने तो माथा धुतला गेलेला असतो. डिचोलीच्या खाणरस्त्यांवरील तांबडी धूळ एअर फिल्टर चुकवून आत गेली, तर सिलिंडरची भिंत वरच्या टोकाशी अधिक झिजते; म्हणून व्यास वर, मध्ये व खाली, आणि दोन काटकोनी दिशांनी मोजून त्याची नोंद वहीत करावी. पेडण्याच्या किनारपट्टीवर शत्रू निराळा: खारट, दमट वारा उघड्या पोलादाला आणि बिडाला झपाट्याने गंज चढवितो.

हा सारा तपशील लिहून झाल्यावरच स्वच्छतेचा आरंभ करावा. राकेल, केसाळ ब्रश आणि लाकडी पट्टी ही तिची साधी आयुधे. ॲल्युमिनियमचे पिस्टन कॉस्टिक सोड्यात कदापि बुडवू नयेत, कारण तो त्यांना खाऊन टाकतो. तसेच ब्लॉकवर वाळूचा मारा करू नये, कारण तेलवाहिनीत अडकलेला एखादा कणही पुढे बेअरिंगचा घात करतो. वाहिन्या ब्रशने घासून दाबाच्या हवेने मोकळ्या कराव्यात. प्रत्येक व्हॉल्व्हला चिठ्ठी बांधून तो ज्या जागेचा त्याच जागी परत जाईल याची खबरदारी घ्यावी. आणि गोव्याच्या पावसाळ्यात धुतलेला भाग कोरडा होताच त्याला तेल लावावे. ते काम उद्यावर टाकू नये.

ब्लॉकवर कोरलेला इंजिन क्रमांक मात्र घासू नये, कारण गाडीचे दस्तऐवज त्याच्याशीच पडताळले जातात. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली आहे. म्हणजे मूळ स्वरूप जपण्याला आता कायद्याचेही पाठबळ आहे. तेव्हा ज्यांच्या पडवीत आजोबांची गाडी अद्याप उभी आहे, त्यांना एवढीच विनंती: चिंधी हाती घेण्यापूर्वी वही आणि पेन्सिल हाती घ्या.