चित्र उजळा, माणूस बदलू नका

कॅमेऱ्याची कळ दाबली की फोटो पूर्ण झाला, असे आपण समजतो. खरे तर तिथे तो सुरू होतो. फिल्मच्या काळात अंधाऱ्या खोलीत कारागीर कागदाचा एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवी, तर दुसऱ्या भागावर जास्त प्रकाश सोडून तो गडद करी. अमेरिकेचे थोर छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी आधी पियानोचे शिक्षण घेतले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि छापलेले चित्र म्हणजे तिचे प्रत्यक्ष वादन, अशी तुलना ते करीत.

ती अंधारखोली आता संगणकात आणि मोबाइलमध्ये आली आहे. मोबाइलवर स्नॅपसीड, संगणकावर गिम्प ही साधने फुकट मिळतात. नवशिक्याला तेवढी पुरेत.

पहिली गोष्ट, मूळ फोटो जपा. त्याची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. आपला नेहमीचा फोटो जेपीईजी प्रकारचा असतो. तो बदलून पुन्हा पुन्हा साठवला, की दर वेळी थोडा तपशील गळतो. कॅमेऱ्यात ‘रॉ’ची सोय असेल तर ती वापरून पाहा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटांच्या रॉमध्ये ४०९६. फाइल मोठी होते, पण दुरुस्तीला वाव राहतो.

आता क्रम. आधी क्षितिज सरळ करा. कललेला समुद्र कोणालाच आवडत नाही. मग कडेला घुसलेला विजेचा खांब, कोणाचा तरी अर्धा हात कापून टाका. कवितेतही अनेकदा शब्द घालण्यापेक्षा खोडण्यानेच काम होते. त्यानंतर उजेड. सावलीतला चेहरा थोडा वर आणता येतो. फार ओढला तर मात्र त्यावर दाणे दिसू लागतात. पांढरेफटक झालेले आकाश तर परत येतच नाही. मग रंग. बल्बखाली सगळे पिवळे दिसते. अशा वेळी चित्रातली पांढरी वस्तू पाहा. ती पांढरी दिसेपर्यंत रंग सुधारा. धार शेवटी, तीही बेताने. एवढे झाले की फोटो बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी पाहिला, की काय जास्त झाले ते आपोआप कळते.

थांबायचे कुठे, हाच खरा प्रश्न. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२च्या अंकात मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. त्यावर मोठी टीका झाली. २०१५च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यावर पोहोचलेल्या फोटोंपैकी सुमारे वीस टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले.

आपण कुठे स्पर्धेत उतरतो, असे तुम्ही म्हणाल. पण स्थळासाठी पाठवलेल्या फोटोत सावळी मुलगी गोरी केली जाते, तेव्हा काय होते? आहे तशी तू चालणार नाहीस, असेच आपण तिला सांगतो. आजीच्या सुरकुत्या पुसल्या, की नातवंडांकडे तिचा खरा चेहरा उरत नाही. काही मोबाइल तर हे न विचारता करतात. कॅमेऱ्यातली ‘ब्यूटी’ नावाची सोय आधी बंद करा.

साधी कसोटी अशी. तयार झालेला फोटो ज्याचा आहे त्याला दाखवा. ‘हा मीच,’ असे तो सहज म्हणाला, तर तुमचे काम नीट झाले.