सूर्य पाठीशी, चेहरा काळा

जालन्याचा मोती तलाव, संध्याकाळची वेळ. पाणी चकाकते आहे, आकाश केशरी झाले आहे आणि काठावर मावळतीकडे पाठ करून उभ्या केलेल्या आजींचा चेहरा फोटोत तव्यासारखा काळा! "आजी, हसा की जरा," म्हणून उपयोग नसतो. त्या हसतच असतात.

दोष कॅमेऱ्याच्या भोळेपणाचा. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारे असणार, असे त्याचा मीटर धरून चालतो. मागे झगझगीत पाणी दिसले की तो प्रकाश आवरतो. त्यात चेहरा बुडतो.

मग नवशिका कुणाचे तरी ऐकून ॲपर्चर उघडतो. एफ/८ वरून एफ/४. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र सव्वासहा मिलिमीटरवरून साडेबारा होते. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, प्रकाशही चौपट. म्हणजे दोन स्टॉप. गणित बिनचूक, तरी चेहरा काळाच!

कारण डायल 'ॲपर्चर प्रायॉरिटी'वर असतो. छिद्र मोठे होताच कॅमेरा गुपचूप शटर १/२५० सेकंदावरून १/१००० वर नेतो. या हाताने दिले, त्या हाताने काढून घेतले. फक्त पार्श्वभूमी जास्त धूसर होते. खरा उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन दीड-दोन स्टॉपने वाढवण्याचा, किंवा मॅन्युअलवर जाऊन शटर धरून ठेवण्याचा. बहुतेक मोबाइलमध्ये तर ॲपर्चर बदलतच नाही; तिथे चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवायची.

बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागेत मात्र हाच पाठीमागचा उजेड कामाला येतो. पानातून आरपार येताना हरितद्रव्य त्यातला लाल-निळा भाग शोषते आणि पान आतून पेटल्यासारखे हिरवे दिसते. फांदीआडून डोकावणारा सूर्य एफ/१६ ला चांदणीसारखा फाकतो. छिद्राच्या पात्यांच्या कडांवर प्रकाशाचे विवर्तन होते, त्याची ही करामत. पाती सात असतील तर किरणे चौदा, आठ असतील तर आठच. (ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नये, डोळा जाईल.)

इकडे तलावाकाठी दोन स्टॉप वाढवून पुन्हा फोटो निघतो. आजींची नथ, सुरकुत्या, हसू, सगळे लख्ख. मागचे पाणी आणि आकाश पांढरेफटक. आजी पडदा डोळ्यांजवळ नेऊन विचारतात, "बाळा, तळं कुठं गेलं?"