गिअरबॉक्सचे चेंबर : प्लास्टिकचे की धातूचे?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा मोटारीचा अत्यंत महागडा भाग. त्याचे आरोग्य मात्र तळाशी असलेल्या एका साध्या फिल्टरवर आणि तेल साठविणाऱ्या चेंबरवर अवलंबून असते. हे चेंबर पूर्वी सर्रास धातूचे असे. नंतर अनेक मोटारींत ते प्लास्टिकचे आले. त्यामुळे गाडी जुनी झाल्यावर त्याजागी धातूचे चेंबर बसवावे काय, असा प्रश्न वाहनधारकांना पडतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीतील झेडएफ कंपनीचा '६एचपी' हा सहा गतींचा गिअरबॉक्स. २००१ मध्ये तो बीएमडब्ल्यूच्या ७ सीरीजमधून रस्त्यावर आला. पुढे जॅग्वार आणि लँड रोव्हरनेही तो स्वीकारला. या मोटारींत चेंबर व फिल्टर हे प्लास्टिकचे एकसंध अंग असते. वजन घटते, जोडणी सोपी होते. पण फिल्टर बदलायचा तर अख्खे चेंबरच बदलावे लागते.

खरी अडचण उष्णतेची आहे. वर्षानुवर्षे तापून-निवून प्लास्टिक ठिसूळ होते, कडांना किंचित बाक येतो आणि तेल पाझरू लागते. तेलाची पातळी खाली गेली की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. मग दाब कमी पडतो, क्लचच्या चकत्या घसरतात आणि जळतात. थेंबाथेंबाने सुरू झालेली गळती अशा रीतीने संपूर्ण गिअरबॉक्सच्या मुळावर येऊ शकते.

यावर उपाय म्हणून धातूचे चेंबर, स्वतंत्र फिल्टर आणि गॅस्केट असा संच बाजारात मिळतो. पुढच्या खेपेस फक्त फिल्टर व गॅस्केट बदलले की भागते. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ मध्ये तर याचा विशेष उपयोग होतो. तेथे खालच्या आडव्या पट्टीमुळे मूळ चेंबर सहज निघत नाही. म्हणून मेकॅनिक फिल्टरची मान कापून ते काढतात आणि त्याजागी धातूचे बसवितात.

तथापि, धातू म्हणजे हमी नव्हे. चेंबरची खोली आणि फिल्टरची उंची परस्परांशी जुळलीच पाहिजे. अन्यथा फिल्टरला पुरेसे तेल मिळणार नाही. स्क्रू ठरलेल्या ताकदीनेच आवळावेत. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना तपासावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गिअरबॉक्सच्या विद्युत जोडणीभोवतीची प्लास्टिकची बाहीही जुनी झाल्यावर गळते. ते तेल ओघळून चेंबरवर येते आणि दोष मात्र चेंबरला दिला जातो. म्हणून खर्च करण्यापूर्वी चेंबर स्वच्छ पुसावे, गाडी चालवावी आणि तेल नेमके कोठून येते ते पाहावे.

काही मोटार कंपन्या हे तेल 'आजीवन' असल्याचे सांगत आल्या आहेत. स्वतः झेडएफचा सल्ला मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलण्याचा आहे. तेल वेळेवर बदलले, तर प्लास्टिकचे चेंबरही आपले काम चोख बजावते. न बदलले, तर धातूचेही गिअरबॉक्सला वाचवू शकत नाही.